वणव्याआधीची ग्रामसभा आणि गावातील तरुण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा भरतील आणि त्यानंतर वीस दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, वन विभागाच्या हिशेबाप्रमाणे वणव्याचा हंगाम सुरू होईल, जो १५ जूनपर्यंत चालतो. पूर्व विदर्भातील जंगलाच्या दृष्टीने या दोन तारखांमधले दिवस फार मोलाचे असतात, कारण आगीच्या बंदोबस्ताचे जे काही ठरायचे ते याच दिवसांत ठरते, नाहीतर ते वर्ष वाया जाते. मी कुरखेडा तालुक्यातील एका गावात राहतो, आमच्या ग्रामसभेचा सभासद आहे आणि धानाच्या शेतीबरोबर मोहफुले, तेंदूपाने व बांबू यांवर आमच्या घराचा खर्च चालतो. वनसंवर्धनासाठी तरुणांनी पुढे यावे, असे अलीकडे सगळ्याच व्यासपीठांवरून सांगितले जाते. माझे म्हणणे असे की, जंगलाविषयीचे निर्णय जिथे होतात त्या ग्रामसभेत आणि तिच्या वन व्यवस्थापन समितीत तरुणांना बसायला जागा, करायला काम आणि त्या कामाची मजुरी मिळाल्याखेरीज ते पुढे येणार नाहीत, आणि याचा निर्णय २६ जानेवारीलाच झाला पाहिजे.

सध्या तरुणांचा सहभाग म्हणजे बहुतेक वेळा वृक्षारोपण. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो, तेव्हा विदर्भातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टीच असते, त्यामुळे खरा उत्साह जुलैत दिसतो. राज्य सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि त्या काळात आमच्या भागातील शाळा-महाविद्यालयांच्या मुलांनी अगदी मनापासून खड्डे भरले. त्या मुलांना मी कमी लेखत नाही. पण आज त्या जागी जाऊन पाहिले, तर जिथे राखण झाली आणि पहिले दोन उन्हाळे कोणीतरी पाणी घातले तिथे झाडे उभी आहेत आणि जिथे हे झाले नाही तिथे नुसत्या खड्ड्यांच्या ओळी दिसतात. रोप लावणाऱ्या मुलाला पुढच्या मार्चमध्ये त्या रोपाकडे कोणी घेऊन गेले नाही. शिवाय ज्या गावाला उभे जंगल आहे त्या गावाने बाहेरून रोपे आणून लावण्याची गरज मुळात कमी असते. मोह, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, चारोळी यांची रोपे आणि खुंटांवरचे फुटवे जमिनीत आधीच असतात. त्यांना आगीपासून आणि बेसुमार चराईपासून काही वर्षे सांभाळले की जंगल आपले आपण भरून येते. हे सांभाळण्याचे काम तरुणांच्या अंगावर सोपवण्यासारखे आहे आणि नेमके तेच त्यांना दिले जात नाही.

कायद्याने मात्र त्यांना जागा केव्हाच दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ सदस्यांची सभा, अशी व्याख्या आहे. ज्या दिवशी मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होते, त्या दिवसापासून सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे गावाने मिळून वापरायच्या आणि राखायच्या, जंगलावर तिचा तितकाच अधिकार असतो जितका सत्तर वर्षांच्या गावपाटलाचा. याच कायद्याच्या कलम ५ ने जंगल, वन्यजीव, जैवविविधता आणि पाणलोट यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला असून, नियमांनुसार ग्रामसभेने आपल्या सदस्यांमधून संरक्षण व व्यवस्थापनासाठी समिती नेमायची असते आणि जंगलाचा व्यवस्थापन आराखडा त्या समितीने करायचा असतो. म्हणजे पर्यावरणाचे नेतृत्व करण्यासाठी आमच्या मुलामुलींना कोणाच्या शिफारशीची किंवा शहरातल्या एखाद्या शिबिराच्या प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. त्यांच्या सहीला आजही कायदेशीर किंमत आहे.

प्रत्यक्षात काय घडते ते मात्र मी दर सभेला पाहतो. समाजमंदिरात सतरंजीवर जुनी जाणती मंडळी बसतात, भिंतीला टेकून बाया बसतात आणि विशी-पंचविशीतली पोरे दाराबाहेर मोटारसायकलींवर रेलून मोबाईल पाहत असतात. हजेरीचे पुस्तक बाहेर नेऊन त्यांच्या सह्या घेतल्या जातात, कारण वनहक्काच्या ठरावाला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते. सही झाली की त्यांना आत बोलावण्याचे कोणाला सुचत नाही आणि त्यांनाही आत येण्याचे कारण दिसत नाही. हीच पोरे पहाटे चारला उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावण्याचा सराव करतात, कारण पोलीस आणि वनरक्षक भरतीत धावण्याचे गुण असतात. त्यांच्यातला एखादा भरती होतो, बाकीचे वय निघून जाईपर्यंत धावत राहतात. वनरक्षक व्हावे म्हणून जो मुलगा तीन-तीन वर्षे घाम गाळतो, त्याला स्वतःच्या गावच्या शेकडो हेक्टर जंगलाचा रक्षक होता येते, हे आम्ही वडीलधाऱ्यांनी त्याला कधी सांगितलेच नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आता वणव्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शहरातील वाचकांना वणवा म्हटले की उंच ज्वाळा दिसतात. आमच्याकडची आग बहुधा गुडघ्याएवढी असते. ती पानगळीच्या पाल्यावरून सरकत जाते, रात्री दुरून डोंगरावर लाल रेघ दिसते आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या सागाला किंवा ऐनाला काही झालेले दिसत नाही, म्हणून लोकही पालाच तर जळला असे म्हणून विषय सोडून देतात. पण त्या पाल्याखाली दोन-तीन वर्षांची चारोळी, आवळा, बेहडा यांची रोपे असतात. ती करपतात, मुळापासून पुन्हा फुटतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा करपतात. असे होत राहिले की जंगल बाहेरून तसेच उभे दिसते, परंतु म्हाताऱ्या झाडांच्या जागी येणारे कोवळे झाड त्यात उरत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या तित्तिर-लावऱ्यांची घरटी जातात. उघडी पडलेली माती मृगाच्या पहिल्या सरींबरोबर नाल्याला लागते आणि तोच गाळ आमच्या बोड्यांमध्ये, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या छोट्या तळ्यांमध्ये, येऊन बसतो, मग धानाला शेवटचे पाणी कमी पडले की आम्ही पावसाला दोष देतो.

ही आग आकाशातून पडत नाही. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तो विझवायचा राहून जातो. जाळल्यावर तेंदूला पान चांगले फुटते या समजुतीने काही जण मुद्दाम आग लावतात. शेताचे धुरे जाळताना वारा फिरला की आग जंगलात शिरते, आणि फेकलेली बिडी तर आहेच. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे, पण एका वनरक्षकाकडे एवढे मोठे बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा भाग, असते की आग कोणी लावली हे त्याला कळेपर्यंत राख थंड झालेली असते. गावाला मात्र ते कळलेले असते. म्हणून वणव्याचा बंदोबस्त गावातूनच होऊ शकतो, आणि तो धाकदपटशाने होत नाही.

गेल्या वर्षी मोहाच्या दिवसांत आमच्या शेजारच्या गावातील मुलामुलींनी जे केले ते मी जवळून पाहिले आहे. पहाटे बायकांबरोबर तेही खराटे घेऊन जंगलात गेले. ज्या मोहाखाली दरवर्षी जाळले जाते त्या प्रत्येक झाडाखालचा पाला त्यांनी झाडून फांद्यांच्या घेराबाहेर नेऊन पसरवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर जुनी लुगडी व हिरवी जाळी अंथरली. फुले कापडावर पडली, मातीला लागली नाहीत, वेचायला वेळ कमी लागला आणि वाळवून विकायला नेल्यावर व्यापाऱ्याने माती-कचऱ्याची कटती नेहमीपेक्षा कमी धरली. ज्या बाईने पहिल्या दिवशी या पोरांना हाकलले होते, तिनेच चौथ्या दिवशी आपल्या घरची दोन लुगडी आणून दिली. आग लावू नका असे फलक आमच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे आहेत, पण आग न लावता मोह कसा वेचायचा हे कोणी करून दाखवले नव्हते.

या कामाची दुसरी बाजू जोखमीची आहे आणि तिचीही मोकळेपणाने चर्चा झाली पाहिजे. हंगामाआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करणे, उपग्रहावरून आगीची जागा हेरून मोबाईलवर येणारे भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे संदेश पाहून वनरक्षकाला कळवणे, ब्लोअरने पाला उडवून आगीची वाट तोडणे ही कामे तरुण उत्तम करू शकतात. मात्र अठरा वर्षांखालील मुलांना आगीजवळ नेऊ नये. कोणी एकट्याने जाऊ नये, नायलॉनचे कपडे घालू नयेत, पाणी आणि चांगले बूट असल्याशिवाय निघू नये, आणि समोरून उलट आग लावण्याचे काम अनुभवी माणसाशिवाय कोणी करू नये. भर दुपारच्या वाऱ्यात आगीच्या तोंडावर जाण्यापेक्षा पहाटे किंवा रात्री वारा पडल्यावर ती अडवणे सोपे जाते, हे आमच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे आणि त्यांनी ते मुलांना सांगितले पाहिजे. विम्याची व्यवस्था वन विभागाने आणि ग्रामसभेने मिळून करावी.

आता मजुरीचा प्रश्न. जानेवारी उजाडला की आमच्या भागातील तरुण जोडपी मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि बरीचशी मोह-तेंदूच्या वेळी परततात. जंगल पेटायला लागते तेव्हा ते विझवू शकणारे हात परमुलखात असतात. अशा मुलाला गावात राहून जंगल राख असे सांगायचे आणि त्याबद्दल काही द्यायचे नाही, हे मला पटत नाही. एक दिवसाचे श्रमदान सगळ्यांनी करावे, पण चार महिन्यांची राखण फुकट मागणे हा अन्याय आहे. ज्या ग्रामसभा तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करतात त्यांच्या खात्यात पैसा येतो. त्यातला ठरावीक हिस्सा वणवा-राखणदारांच्या मजुरीसाठी हंगामाच्या आधीच बाजूला काढला, तर निदान काही घरांना मिरचीच्या गाडीत बसावे लागणार नाही. वन विभागही हंगामी मजूर लावतो, ज्यांना सगळे फायर वॉचरच म्हणतात. ती नावे ग्रामसभेला विचारून ठरवावीत. तेंदूचे पैसे थकवणारे ठेकेदार आमच्या वाट्याला येतात, बाजार पडतो, खात्यात काही वर्षे फारसे काही उरत नाही, हे खरे आहे. अशा वर्षी दोनच माणसे नेमता आली तरी नेमावीत.

हे सगळे हवेतले बोलणे आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी विदर्भातच पाहावे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी तिथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वांना माहीत आहे. तिच्यामागे वर्षानुवर्षे चाललेले अभ्यासगट होते, ज्यांत बसून लोकांनी कायदा वाचला, प्रश्न विचारले आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली, हे तितकेसे माहीत नाही. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये एक हजाराहून अधिक हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. तिथे बांबूच्या कामामुळे कामासाठी बाहेर जाणारे लोक गावात राहू लागले आणि छाटणी व आगीमुळे जंगलाचे नुकसान होते म्हणून ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले. हातचे उत्पन्न सोडण्याचा निर्णय एखाद्या सरकारी आदेशाने झाला असता तर लोकांनी तो मोडला असता. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरने उजाड माळावर हक्क मिळाल्यानंतर जंगल उभे केले, सीताफळ विकायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये त्या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

आमच्या वडीलधाऱ्या मंडळींची एक तक्रार असते आणि ती मी बाजूला सारत नाही. आजच्या पोरांना कुसुम आणि कुंभी ओळखता येत नाही, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) किती काढायचे आणि बेटात किती ठेवायचे हे कळत नाही, त्यांच्या हाती जंगल कसे द्यायचे, असे ते विचारतात. पण हे ज्ञान मुलांपर्यंत पोचण्याच्या वाटा आम्हीच बंद केल्या. पूर्वी गुरे राखताना, गोटूलमध्ये (आदिवासी तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घरात), आजोबाच्या मागे हिंडताना ते आपोआप मिळत असे. आता मुलगा पाचवीपासून आश्रमशाळेत जातो आणि बारावी होऊन परततो, तोवर जंगल त्याला परके झालेले असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे लोकजैवविविधता नोंदवही करायची होती, तिने ही वाट पुन्हा उघडता आली असती. बऱ्याच ठिकाणी मुदत गाठण्याच्या घाईत ती टेबलावर भरली गेली. ती नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटातून बाहेर काढावी, गावातल्या दोन-चार मुलामुलींनी जाणत्या माणसाला घेऊन जंगलाचा एकेक कक्ष (वन विभागाने आखलेला भाग) फिरावा आणि तीत काय खोटे आहे, काय राहिले आहे ते दुरुस्त करावे. सोबत गावाचे निस्तारपत्रकही वाचावे. कोणत्या जंगलात सरपणाचा, चराईचा, गौण वनोपजाचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या होता हे त्यात लिहिलेले असते, आणि आमच्या गावातील मोजक्या लोकांनीच ते आजवर उघडून पाहिले आहे. नकाशा वाचणे आणि मोबाईलवर हद्दीच्या खुणा नोंदवणे मुलांना येते, हद्दीवरचा जुना दगड कुठे आहे हे आजोबांना येते, दोघांना एकत्र नेल्याशिवाय आराखडा खरा होणार नाही.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत असा नियम आहे, पण नाव बाईचे आणि सभेत बोलणारा नवरा, हे चित्र अजून सर्रास दिसते. मोह, चारोळी, तेंदू, सरपण, रानभाजी यांतले बहुतेक श्रम बायाच करतात, त्यामुळे जंगलात काय कमी झाले हे त्यांना सगळ्यांत आधी कळते. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी जाईल, मग तिला समितीत घेऊन काय उपयोग, असे आमच्याच सभेत म्हटले गेले आहे. तिच्या सासरच्या गावालाही जंगल असतेच. ज्या सुनेने माहेरी आराखडा केला आहे तिला तिथल्या ग्रामसभेने आल्या आल्या समितीत घ्यावे.

वाघाच्या प्रश्नाचा उल्लेख केला नाही तर हे पत्र अपुरे राहील. मोह आणि तेंदूच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात वाकून काम करणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात सापडतात आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडचे लोक या भीतीत प्रत्येक उन्हाळा काढतात. ताडोबाच्या परिसरातील गावांमध्ये तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले काम करतात, वाघ दिसला की लोकांना सावध करतात, जमाव आवरतात, वन विभागाला कळवतात. जिथे वाघाचा वावर आहे अशा प्रत्येक गावात ती असावीत आणि त्यांना मानधन वेळेवर मिळावे.

सामूहिक वनहक्क नसलेल्या गावांनी, विशेषतः नागपूर, वर्धा, भंडारा या बाजूच्या गावांनी, हे आपल्यासाठी नाही असे समजू नये. झुडपी जंगल, म्हणजे सरकारी नोंदीत या नावाने असलेली खुरट्या झुडपांची जमीन, हे कायद्याच्या दृष्टीने वनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे. गावाशेजारी अशी किती जमीन आहे आणि तिची आजची अवस्था काय, याची पाहणी महाविद्यालयातील मुले एका हिवाळ्यात करू शकतात.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी सर्व ग्रामसभांना विनंती आहे की, सभेची नोटीस निघण्याआधीच विषयपत्रिकेत वणवा बंदोबस्ताचा विषय लेखी द्यावा, वन व्यवस्थापन समितीत तिशीच्या आतील किमान तीन मुलेमुली घेण्याचा ठराव करावा आणि त्यांतील एकाकडे तरी समितीच्या हिशेबाची वही द्यावी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना विनंती की, त्यांनी जाळरेषा आणि ब्लोअर यांचे नियोजन करताना या समित्यांना बोलावून घ्यावे. तरुण मित्रांना सांगणे एवढेच की, २६ तारखेला सही करून परत मोटारसायकलीकडे जाऊ नका, आत येऊन बसा आणि गेल्या उन्हाळ्यात आपल्या जंगलातला कोणता कक्ष जळाला, कोणामुळे जळाला आणि या वर्षी तिथे कोण असणार आहे, हे प्रश्न विचारा.

आपला नम्र,
एक ग्रामसभा सभासद
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली